वेरूळच्या गिलाव्यातली भांग

श्रावणात घृष्णेश्वराला जाणारी मंडळी दर्शन आटोपले की पोराबाळांना घेऊन वेरूळच्या लेण्यांत एक फेरी मारतातच. कैलास लेण्यापुढे उभे राहून माना उंच करायच्या, दगडी हत्तीपाशी फोटो काढायचा आणि भाकरी सोडायला झाडाची सावली शोधायची, हा आपला ठरलेला कार्यक्रम. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणला याचे नवल लहानथोर सगळ्यांनाच वाटते, आणि वाटायलाच हवे. पण आज या सदरात दगडाचे नवल सांगणार नाही. त्या दगडावर लिंपलेल्या मातीचे सांगणार आहे.

आज कैलास लेणे काळ्या दगडाचे दिसते. पूर्वी ते तसे नव्हते. कोरीव दगडावर गिलावा चढवून त्यावर रंगकाम केलेले होते, म्हणून या लेण्याला ‘रंगमहाल’ असेही नाव पडले होते. आजही ओसरीच्या छताला त्या गिलाव्याचे आणि रंगाचे तुकडे चिकटून आहेत. पुढे ३२ व्या क्रमांकाच्या जैन लेण्यातही छतावर चित्रे आहेत. वेरूळचे काम सहाव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत चालले. म्हणजे यातली अगदी अलीकडची माती धरली तरी ती हजार वर्षे दगडाला धरून बसली आहे. आपल्या भिंतीला दर दिवाळीला पोतेरा द्यावा लागतो. माती किती दिवस टिकते, हे घरातल्या बाईइतके कुणाला ठाऊक नसते.

आता दुसरे टोक पाहा. वेरूळपासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठा. दगड तोच, आपल्या मराठवाड्याचा काळा कातळ. अजिंठ्याची चित्रे जगात नावाजलेली. त्यातली काही इसवी सनापूर्वीची, बहुतेक पाचव्या शतकातली. या चित्रांखालच्या गिलाव्याची कृती सांगितली तर ती तुम्हाला घरचीच वाटेल. चाळलेली माती, तीत भाताचा तूस, गवत, झाडांचे तंतू. ते सगळे भिजवून, मळून दगडावर थापायचे. वर चुन्याचा पातळ हात आणि मग डिंकात कालवलेले रंग. आपल्या धाब्याच्या घराची भिंत आणि अजिंठ्याची भिंत यांत फरक म्हटला तर चित्रकाराच्या हाताचा. बाकी चिखल तोच.

या चिखलात तूस आणि काडी कशाला घालतात, हेही तुम्हाला सांगायला नको. नुसती माती वाळली की तडकते. काडी तिला धरून ठेवते. पण या काडीतच पुढच्या दुखण्याचे मूळ आहे, कारण काडी म्हणजे कुणाचे तरी अन्न.

ट्रंकेत ठेवलेली पैठणी किंवा माळ्यावरची जुनी पोथी उघडली की रुपेरी रंगाचा, शेपटीकडे निमुळता होत गेलेला एक किडा सुळकन पळतो. त्याला आपण कसर म्हणतो. कागद, खळ, डिंक, वाळलेली काडी हे तिचे खाद्य. अजिंठ्यात ही कसर आणि तिच्यासारखे इतर किडे शतकानुशतके नांदले. किडा काही चित्र खात नाही. बोधिसत्त्वाच्या चेहऱ्याशी त्याला देणेघेणे नाही. तो चित्राखालचा तूस आणि डिंक खातो. आतून पोकळ झाले की वरचा पापुद्रा सुटतो आणि एखाद्या पावसाळ्यात खाली येतो. अजिंठ्यातल्या निदान पाव हिस्सा चित्रांचे किडीने नुकसान केले, असे अभ्यासकांनी नोंदले आहे. गारपिटीने एका रात्रीत पीक जाते ते सगळ्यांना दिसते. हे नुकसान रोज तीळभर होत होते, म्हणून कुणाच्या ध्यानात आले नाही.

मग प्रश्न असा की, वेरूळच्या गिलाव्यातही काडी आहे, तंतू आहेत. तिथे कीड का नाही?

या प्रश्नाच्या मागे दोघे जण लागले. एक राजदेव सिंग. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेत त्यांनी अधीक्षक रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलेले. दुसरे मिलिंद सरदेसाई, त्या वेळी छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. एकाला मातीचे ज्ञान, दुसऱ्याला झाडपाल्याचे. त्यांनी वेरूळच्या गिलाव्याचे नमुने घेतले आणि त्यातले काडीकचरा वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. साध्या नाही, इलेक्ट्रॉनच्या झोताने पाहणाऱ्या, वस्तू हजारो पट मोठी दाखवणाऱ्या यंत्राखाली. त्यात जे दिसले ते एका ओळखीच्या झाडाचे वाटले. नुसत्या वाटण्यावर शास्त्र चालत नाही. म्हणून पडताळ्यासाठी त्या झाडाचे ताजे नमुने आणले, काही जालना जिल्ह्यातून तर काही दिल्लीच्या आसपासचे. नवे जुन्याशी ताडून पाहिले. खुणा तंतोतंत जुळल्या. झाड होते भांगेचे. त्या गिलाव्यात भांगेचा अंश दहा टक्क्यांच्या घरात निघाला. हा अभ्यास २०१६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही. देवगिरीच्या किल्ल्यावर, यादवांच्या काळातल्या गिलाव्यात मात्र ती आढळली आहे. म्हणजे वेरूळच्या कारागिरांचा हा एका वेळचा प्रयोग नव्हता. आपल्या भागात ही विद्या काही शतके चालत आलेली होती.

हजार वर्षांपूर्वीची काडी ओळखतात तरी कशी, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. प्रत्येक झाडाची अंगावरची लव वेगळी असते. भांगेच्या पानावर मांजराच्या नखीसारखे वाकडे, एका पेशीचे केस असतात आणि त्यांच्या बुडाशी चुन्याचा बारीक खडा साठलेला असतो. हो, चुन्याचाच. आपण पानाला लावतो तो चुना हवा खाऊन घट्ट झाला की जे द्रव्य होते तेच. झाड आपल्या पानात ते स्वतः घडवते. पकडलेला गांजा खरा की नुसता पाला, हे ठरवताना प्रयोगशाळेत या नखीदार केसांवर नजर असते. आम्लाचा थेंब टाकला की तो खडा फसफसतो.

या झाडाची आणखी एक गंमत पपईवाल्या शेतकऱ्यांना लगेच कळेल. भांगेत नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. नराच्या खोडाचा वाख मऊ आणि चांगला, तर नशेची राळ मादीच्या फुलोऱ्यात. एकच जात, पण एकाने दोर वळावा आणि दुसऱ्याने डोके फिरवावे.

इथे नावाचा घोळ आधी सोडवतो, कारण वर्तमानपत्रातली बातमी वाचून बरेच जण चकले. बातमीत ‘हेंप’ असा इंग्रजी शब्द होता. इंग्रजांनी वाख निघणाऱ्या दिसेल त्या झाडाला हेंप म्हणून ठेवले आहे. आपला ताग त्यांचा सन हेंप, आपली अंबाडी त्यांची डेक्कन हेंप. प्रत्यक्षात ही तिन्ही झाडे एकमेकांची भाऊबंद नाहीत. ताग शेंगवर्गातला, तुरी-हरभऱ्याच्या गोताचा, म्हणून तर तो जमिनीत गाडला की नत्र देतो. अंबाडी भेंडी-कापसाच्या घराण्यातली. तिच्या एका जातीचे पान भांगेच्या पानासारखे कातरलेले दिसते, म्हणून तिचे शास्त्रीय नावच ‘कॅनाबिनस’, म्हणजे भांगेसारखी, असे पडले. अंबाडीची भाजी खाऊन कुणाला झिंग आल्याचे मी ऐकलेले नाही. तेव्हा वेरूळला वापरला तो ताग नव्हे आणि अंबाडीही नव्हे. ती खरी भांग.

आणि हे वाचून कुणी बांधाला चार झाडे लावण्याचा विचार करत असेल, तर त्याला इथेच थांबवतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याप्रमाणे परवान्यावाचून हे झाड लावणे गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते आणि लाखापर्यंत दंड. तुरीच्या नाहीतर कापसाच्या आडोशाने लावले तरी पोलिसांना ते दिसते. भिंत टिकवायला लावले होते, असे न्यायाधीशांना सांगून भागणार नाही.

बरे, भांगेने कीड दूर राहते ती कशाने? झाड पळू शकत नाही, ओरडू शकत नाही. त्याला खायला येणाऱ्याशी त्याने लढायचे ते अंगातल्या रसायनांनी. कडुनिंब कडू होतो, मिरची तिखट होते, तुळस वास सोडते. भांगेच्या लवेत उग्र वासाची तेले आणि राळ असते आणि बऱ्याच किड्यांना ती नकोशी असते. शिवाय भांगेचा वाख चिवट. साल काढल्यावर आतली जी पांढरी काडी उरते ती ओल शोषते आणि उन्हाळ्यात सोडून देते. त्यामुळे माती एकदम फुगत नाही, एकदम आक्रसत नाही. गिलाव्याला तडे कमी जातात, आणि जिथे तडा नाही तिथे किड्याला घर नाही. फ्रान्समध्ये गेली तीस-पस्तीस वर्षे चुन्यात ही काडी कालवून घरांच्या भिंती भरतात. त्या वजनाला हलक्या आणि उन्हाळ्यात गार असतात. भार मात्र त्या पेलत नाहीत, त्याला लाकडाचा सांगाडा लागतो. साहेब लोकांना हे आता सुचले, असे म्हणून छाती फुगवायचा मोह होतो. पण आपण ती विद्या मधल्या काळात विसरलो, हेही खरे आहे.

एकट्या भांगेला सगळे श्रेय देताना मी स्वतः थोडा हात आखडता घेईन. दोन्ही ठिकाणांची हवा सारखी नाही. अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या घळीत, घोड्याच्या नालासारख्या वाकलेल्या कड्यात आहेत. पावसाळ्यात तिथे समोरून पाणी कोसळते आणि भोवती रान माजते. वेरूळचा डोंगरउतार उघडा, वाऱ्याचा. ओल जिथे जास्त तिथे कीड जास्त, हे शेतातही खरे आणि लेण्यातही. भांगेने काम केले, पण कोरड्या हवेने तिला साथ दिली असावी. नेमके इथेच हे लेण्याचे प्रकरण आपल्या घराशी येऊन भिडते.

कारण कसरीला जशी अजिंठ्याची भिंत, तशी भुंगेऱ्याला आपली तुरीची कणगी. दोघांनाही वाळलेले खाद्य हवे, थोडी ओल हवी आणि अंधार हवा. कडधान्यातला हा भुंगेरा, कुणी टोका म्हणतात, कुणी नुसता भुंगा, तो बाहेरून घरात शिरतो असे आपण समजतो. तो शेतातूनच आपल्या गाडीत बसून येतो. शेंगा पिकायला लागल्या की मादी त्यांवर अंडी घालते. खळ्यावर दाणा स्वच्छ दिसतो, पण काही दाण्यांच्या पोटात अळी आधीच बसलेली असते. घरात आल्यावर पुढची पिढी थेट दाण्यावर अंडी चिकटवते. तुरीच्या, मुगाच्या दाण्यावर पांढरा ठिपका दिसतो ना, तेच अंडे. अळी खालच्या बाजूने दाण्यात शिरते, आतला गर खाते आणि महिन्याभराने गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो.

आणि नवल पुढेच आहे. बाहेर आलेला तो भुंगेरा दाणा खात नाही. आठ-पंधरा दिवसांचे त्याचे उरलेले आयुष्य. तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. त्यातल्या निम्म्या माद्या धरा. एका मादीच्या दोन महिन्यांत पाच हजार होतात. हिशेब कागदावरचा आहे, सगळी अंडी काही जगत नाहीत. पण संक्रांतीला भरलेली तूर आखाडात उघडल्यावर पिठाचा ढीग का निघतो, ते यावरून कळावे. घरची बाई चाळत बसते, निवडत बसते आणि वर ‘लक्ष नव्हते का’ म्हणून बोलणी खाते. लक्ष कितीही असो, दाण्याच्या पोटातली अळी कुणाला दिसणार?

आपल्या आज्या यावर जे करत, त्यातल्या बहुतेक गोष्टी आज शास्त्राच्या कसोटीला उतरल्या आहेत. कडक उन्हात धान्य वाळवणे ही पहिली. उन्हाने अळी मरते आणि ओल जाते. कडधान्यात नऊ-दहा टक्क्यांच्या वर ओल नको. ती मोजायला घरात यंत्र नसते, पण दात असतात. दाणा दाताखाली धरल्यावर कट्ट आवाज होऊन तुटला पाहिजे, चेपता कामा नये. वाळलेले धान्य गरम असतानाच कणगीत भरू नका. रात्रभर निवू द्या, नाहीतर आत घाम सुटतो.

दुसरी गोष्ट तेल चोळण्याची. किलोला पाच ते दहा मिलिलिटर, म्हणजे क्विंटलला अर्धा ते एक लिटर. खायच्या धान्याला करडईचे किंवा शेंगदाण्याचे, बियाण्याला निंबोळीचेही चालते. तेल अंड्यावर बसले की अंड्याचे श्वासाचे छिद्र बुजते आणि आतला जीव गुदमरतो. शिवाय तेलकट दाण्यावर मादीला अंडे चिकटवता येत नाही. तिसरी राख. चाळलेली, कोरडी. राखेचे कण किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतात, अंगातले पाणी उडते आणि किडा सुकून मरतो. राखेला विषाची जोड लागत नाही, हेच तिचे मोल. चौथी गोष्ट तुरीची डाळ करून ठेवण्याची. या भुंगेऱ्याला अख्खा, गुळगुळीत दाणा लागतो. भरडलेल्या डाळीवर त्याचे फारसे चालत नाही. उन्हाळ्यात सासवा-सुना जात्यावर बसत, त्यामागे हाही हिशेब होता.

निंबाच्या पाल्याबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. पाला टाकला की काम झाले, असे समजून पुष्कळ घरांत बाकीचे सगळे सोडून देतात. निंबाचे खरे बळ पानापेक्षा निंबोळीच्या मगजात असते. पाला टाकायचाच तर सावलीत खडखडीत वाळवून टाका. ओला टाकलात तर किडीला पाणी नेऊन दिल्यासारखे होईल. वाळल्यावरही तो मदतनीस समजावा, मालक नव्हे.

आणि एक तोड अशी होती की तिच्यात पाला, राख, तेल काहीच नव्हते. ती म्हणजे पेव. पांढरीत खोल खड्डा घ्यायचा, कडेने कडबा आणि भुसा लावायचा, ज्वारी ओतायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. आत जे काही किडे जात ते आतली हवा वापरून संपवत आणि आपल्याच श्वासाने गुदमरून मरत. दाणाही थोडा श्वास घेतोच. म्हणून तर पेव फोडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड उघडे ठेवून वारा लागू देत, मग कंदील सोडत. कंदील विझला तर माणसाने उतरायचे नाही. हा नियम न पाळल्याने गावोगावी माणसे दगावलेली आहेत. आज बाजारात हवाबंद पिशव्या आणि घट्ट झाकणाच्या कोठ्या मिळतात, त्यांचे तत्त्व हेच आहे. फक्त त्यांत माणूस उतरत नाही आणि कडेची ज्वारी काळी पडत नाही. पिशवी भरली की तोंड पिळून घट्ट बांधा आणि ती रोज उघडू नका. रोज उघडली तर किड्यांना रोज नवी हवा मिळते.

हे सगळे इतके पाल्हाळ लावून सांगण्याचे कारण एक छोटी गोळी आहे. धान्यात ठेवायची म्हणून ती घरोघर येते. सल्फास म्हणा, सेल्फॉस म्हणा, द्रव्य एकच, ॲल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतली ओल लागली की त्या गोळीतून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. किडा मरतो हे खरे. पण तो वायू पोत्यातच थांबत नाही. भिंतीच्या फटीतून, दाराखालून शेजारच्या खोलीत जातो, आणि तिथे पोरे झोपलेली असतात. कधी लसणासारखा, कधी सडक्या मासळीसारखा वास येतो आणि कधी तेवढाही कळत नाही. यावर उतारा म्हणून देता येईल असे औषध डॉक्टरांपाशीही नाही. मोठ्या गोदामात, ताडपत्रीखाली, शिकलेल्या माणसाने वापरायची ती वस्तू आहे. ज्या छपराखाली माणसे झोपतात तिथे ती एकसुद्धा नको. फडक्यात गुंडाळून नको, पोत्याच्या तळाशी नको, ‘एकच तर आहे’ म्हणून नको.

चुकून घरात वापरली गेली असेल आणि कुणाला मळमळ, डोकेदुखी, छातीत दडपण, दम लागणे असे काही होऊ लागले, तर आधी सगळ्यांना घराबाहेर मोकळ्या हवेत आणा. दारे-खिडक्या उघड्या टाका. गोळीवर पाणी ओतू नका, पाण्याने वायू आणखी सुटतो. उलटी झाली, आता बरे वाटते, म्हणून घरी थांबू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि गोळीची डबी सापडली तर पिशवीत बांधून बरोबर न्या. डॉक्टरांना पहिल्यांदा तीच दाखवा.